'पलतड' आणि प्रेक्षक : मांडवीवरील नौकाविहारातील देखणीचा प्रयोग

लोकसाहित्याच्या पदव्युत्तर वर्गात क्षेत्रीय अभ्यासाचा प्रकल्प आला की गोव्याकडे जाणारे काही विद्यार्थी हमखास एक ध्वनिमुद्रण घेऊन परततात. मांडवी नदीवर संध्याकाळी निघणाऱ्या पर्यटक-नौकेवर ऐकलेली फुगडी, देखणी, एखादा मांडो त्यात असतो आणि खाली 'गोमंतकीय लोकगीते' अशी नोंद असते. या सामग्रीचे काय करावयाचे, याविषयी अध्यापकांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. काहींच्या मते हे अस्सल लोकसाहित्यच नव्हे, पर्यटकांसाठी मांडलेला तो एक देखावा आहे. तेव्हा विद्यार्थ्याने गावात जाऊन पुन्हा काम करावे. काहींना मात्र शब्द तेच, चाल तीच, वाद्यही तेच असल्यामुळे हरकत घेण्यासारखे काही दिसत नाही. प्रस्तुत लेखकाला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पहिली भूमिका प्रयोग न पाहताच तो रद्द करते आणि दुसरी प्रयोग पाहूनही फक्त संहितेचीच नोंद घेते. अशा नौकेवर हमखास सादर होणाऱ्या एका देखणीच्या आधारे हा प्रश्न येथे उलगडावयाचा आहे. ही देखणी मुळात नदी ओलांडण्याविषयी आहे, म्हणून हे उदाहरण विशेष सोयीचे ठरते.

प्रथम प्रयोगस्थळ पाहू. पणजीत मांडवीवरील पुलाच्या पायथ्याशी सांता मोनिका जेटी आहे. सूर्यास्ताच्या सुमारास आणि त्यानंतर पर्यटकांना घेऊन नौका तेथून सुटतात. सायंकाळची फेरी साधारण तासाभराची असते. जेवणासह असलेली रात्रीची फेरी त्याहून लांबते. नौका प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे जाते. डाव्या हाताला आदिलशाही राजवाड्याची जुनी वास्तू मागे पडते, पुढे कांपाल येथील कला अकादमीची चार्ल्स कोरिया यांनी आखलेली इमारत दिसते. उजवीकडे बेती आणि त्यापुढे टेकडीवरचा रेईश मागूशचा किल्ला लागतो. मांडवीच्या मुखाजवळ, मिरामारचा किनारा दिसू लागेपर्यंत जाऊन नौका वळते आणि जेथून निघाली त्याच धक्क्याला परत लागते. वाटेत कॅसिनोच्या रोषणाई केलेल्या नौका नांगरून उभ्या असतात. पणजी आणि बेती यांच्यामध्ये फेरीबोट ये-जा करीत असते. तिच्यात घरी परतणारी माणसे, दुचाक्या, बाजाराच्या पिशव्या असतात. पर्यटकांच्या नौकेला मात्र कोणताच पैलतीर गाठावयाचा नसतो.

वरच्या मजल्यावर एका टोकाला छोटा मंच, समोर खुर्च्या, बाजूला ध्वनिक्षेपक आणि निवेदक अशी मांडणी असते. निवेदन हिंदी-इंग्रजीत चालते. श्रोत्यांत मराठी वा गुजराती कुटुंबे अधिक दिसली तर मध्येच त्या भाषेतले एखादे वाक्य टाकले जाते. कार्यक्रमाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. एखादे लोकनृत्य झाले की मुलांना मंचावर बोलवावयाचे आणि एका चित्रपटगीतावर नाचवावयाचे. पुन्हा एक लोकनृत्य, मग जोडप्यांची पाळी. पुन्हा लोकनृत्य, मग फक्त पुरुषांची वा फक्त स्त्रियांची. लोकनृत्यांत फुगडी, देखणी, डोक्यावर समई घेऊन करावयाचे दिवली-नृत्य, कुणबी नृत्य आणि पोर्तुगालच्या आल्गार्व्ह प्रांतातून आलेला कोरिदिन्यू हा युगुलनृत्याचा प्रकार असतो. मांडो क्वचितच असतो, आणि असलाच तर एखाद्या कडव्यापुरता. ज्या फेरीत जेवण असते तीत ताटे वाढली जाऊ लागताच श्रोत्यांचे लक्ष मंचावरून उठते. त्या वेळी वाद्यवृंद वाजत राहतो, पण नृत्याची पाळी शक्यतो त्याआधी किंवा नंतर ठेवली जाते.

हे प्रकार आपापल्या जागी कसे होते, हे संक्षेपाने आठवले पाहिजे. फुगडी ही भाद्रपदात, चवथीच्या दिवसांत घरच्या ओटीवर वा अंगणात रंगणारी स्त्रियांची क्रीडा. धालो पौषातल्या रात्रींचे. ते गावच्या मांडावर, म्हणजे नांगरट वा अन्य वापरापासून राखलेल्या पवित्र जागेवर होतात. समोरासमोर उभ्या असलेल्या स्त्रियांच्या दोन रांगा पुढे-मागे होत गातात आणि पुरुषांना तेथे सहभाग नसतो. मांडाची जागा बदलली तर धालो राहत नाहीत, असे गावातल्या स्त्रिया सांगतात, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः घ्यावयास हवे. विनायक खेडेकर यांनी 'लोकसरिता'मध्ये, तसेच त्याआधी बा. द. सातोस्कर यांनी 'गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती'च्या खंडांत गोमंतकीय लोकजीवनाची जी नोंद केली आहे, तिच्या आधारे या विधिबद्धतेचा अभ्यास विद्यार्थ्यांना सहज करता येईल. नौकेवर धालो सहसा नसतात. ते टाळणे जाणीवपूर्वक असो वा सोयीसाठी, प्रयोगाच्या निवडीतच एक मर्यादा पाळली गेली आहे, याची नोंद 'देखावा' म्हणून हेटाळणी करणाऱ्यांनी घ्यावयास हवी.

मांडोची गोष्ट निराळी आहे. तो एकोणिसाव्या शतकात सासष्टीतील संपन्न ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यात घडला. व्हायोलिन आणि घुमट यांच्या साथीने, स्त्री-पुरुषांच्या समोरासमोरच्या ओळींत, अतिशय संथ लयीत तो गायिला-नाचला जाई. भेटीची ओढ, विरह आणि निराशा हे त्याचे मुख्य विषय. मांडो संपला की द्रुत लयीतले दुलपद येई आणि साचलेला भाव मोकळा होई. मांडोचे कर्ते अनेकदा नावानिशी ठाऊक आहेत. म्हणजे 'अनामिकता' हा लोकगीताचा आपण पाठ्यपुस्तकात सांगतो तो निकष त्याला लागू पडत नाही. नौकेवर मांडो टिकत नाही याचे कारणही त्याच्या लयीत आहे. पाच-सात मिनिटांच्या खेळात संथ विरहगीताला जागा मिळणे कठीण. टाळ्यांना ताल देणारे दुलपद आणि देखणी मात्र लगेच सामावतात.

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. 'देखणी' या नावातच रूपाचा निर्देश आहे. कोकणीत ख्रिस्ती रचनाकारांनी घडवलेले, दुहेरी तालातले, केवळ स्त्रियांनी नाचावयाचे हे गीत असते आणि त्याची नायिका बहुधा हिंदू देवळाशी संबंधित कलावंतीण असते. स्वरांची बैठक पाश्चात्त्य वळणाची, तर हालचाल आणि वेश हिंदू नर्तकीचा. म्हणजे देखणी हा प्रकारच मुळी एका समाजाने दुसऱ्या समाजाच्या स्त्रीची केलेली कल्पना आहे. 'हांव सायबा' या आद्यशब्दांनी ओळखली जाणारी देखणी ही या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध. तिचे कर्ते कार्लोस युजेनियो फेरेरा (१८६०–१९३२). ती १८९५ साली पॅरिसमध्ये प्रथम आणि पुढे १९२६ साली गोव्यात रांगेल मुद्रणालयातर्फे छापली गेल्याची नोंद आहे. आशय थोडक्यात असा : एका स्त्रीला पलतडी, म्हणजे पैलतीरी, दामूच्या लग्नाला जावयाचे आहे. मांडवात कलावंतिणींचा खेळ मांडला आहे. तिला वाट ठाऊक नाही. ती नावाड्याला वाट दाखविण्याची, पार नेण्याची विनंती करते. त्यासाठी अंगावरचा एकेक दागिना देऊ करते आणि तो नाकारीत राहतो.

मराठीच्या विद्यार्थ्याला पैलतीर आणि नावाडी ही जोडी नवी नाही. संतकाव्यात भवनदी पार करविणारा नावाडी उतारूकडून द्रव्य मागत नाही, भाव मागतो. देखणीतला नावाडीही दागिने घेत नाही. पण येथे नकारामागे अध्यात्म नाही. एक लाडिक ताणाताणी आहे, आणि तिच्याखाली एक न विचारलेला प्रश्न आहे. ही स्त्री स्वतः मांडवात नाचावयास निघाली आहे का, आणि तशी निघाली असेल तर ती दागिने देऊन का जाईल, घेऊन का नाही? गीत याचे उत्तर देत नाही. रचनाकाराला ही स्त्री अलीकडच्या काठावर उभी असलेलीच हवी आहे. पलतड हा शब्द नदीचा काठ सांगतो आणि त्याच वेळी धर्माने, जातीने, चालीरीतींनी पलीकडे असलेला समाजही सूचित करतो. रचनाकार ज्या समाजाचा, त्याच्या दृष्टीने कलावंतीण हीच पलतड होती.

येथे थोडे थांबून त्या पलीकडच्या बाजूला खरोखर काय चालले होते ते पाहणे आवश्यक आहे. कारण नौकेवरच्या निवेदनातच नव्हे, तर आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही 'कलावंतीण म्हणजे देवळात नाचणारी स्त्री' एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. ज्या दशकात ही देखणी छापली गेली त्याच्या लगेच पुढच्या दशकात, १९०४ साली, कलावंतीण परंपरेत जन्मलेल्या हिराबाई पेडणेकर यांनी 'जयद्रथ विडंबन' हे नाटक लिहिले. १९१२ साली त्यांचे 'संगीत दामिनी' आले आणि ते रंगभूमीवर झाले. मराठीतील आद्य स्त्री-नाटककार म्हणून त्यांचे नाव आपण घेतो. त्यांच्या जीवनावर वसंत कानेटकरांनी 'कस्तुरीमृग' लिहिले, हेही आपण शिकवतो. पण देखणीतली कलावंतीण आणि हिराबाई एकाच काळातल्या आहेत, ही गोष्ट सहसा शेजारी शेजारी ठेवली जात नाही. एकीकडे गीतातली स्त्री नावाड्याला वाट विचारीत आहे. दुसरीकडे तिच्याच परंपरेतील एक लेखिका मुद्रित ग्रंथाच्या आणि नाट्यगृहाच्या काठाला स्वतः पोहोचली आहे. पुढे याच समाजाने देवळाशी असलेले हे बंधन तोडण्याची चळवळ चालविली आणि 'गोमंतक मराठा समाज' हे नाव स्वीकारले. त्या परिवर्तनाची आतून सांगितलेली हकीगत राजाराम रंगोजी पैंगीणकर यांच्या 'मी कोण?' (१९६९) या आत्मचरित्रात आहे. आत्मचरित्राचे ते प्रश्नार्थक शीर्षक देखणी शिकविताना वर्गात फळ्यावर लिहावे, असे प्रस्तुत लेखकाला नेहमी वाटते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका याच परंपरेतून आल्या, हे तर संगीताच्या इतिहासात नोंदलेलेच आहे.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. देखणीतील कलावंतीण कोकणीत बोलते. घरी ती कोकणीच बोलत असणार. पण देवळात पालखीपुढे, मैफलीत किंवा नाटकात ती गात असे ती बहुतांशी मराठी पदे आणि हिंदुस्थानी चिजा. म्हणजे तिचे स्वतःचे गाणे देखणीत नाही. तिच्या नावाने दुसऱ्याने रचलेले गाणे आहे. कोकणी-मराठी वादाच्या जुन्या सवयीने याचा अर्थ लावू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतर गोव्यात या दोन भाषांचे व्यवहारातले स्थान ठरले आहे आणि लोकसाहित्य त्या कायद्याच्या पूर्वीपासून दोन्ही भाषांत नांदत आले आहे. चवथीत घुमट, शामेळ आणि कांसाळे यांच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या आरत्या मराठीत असतात आणि म्हणणाऱ्यांच्या घरची बोली कोकणी असते. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. मुद्दा एवढाच की देखणीचा अभ्यास मराठी विभागात होणे अप्रस्तुत नाही. उलट जिच्याविषयी हे गीत आहे तिचा पुरावा बऱ्याच अंशी मराठीत आहे.

अशी ही देखणी नौकेवर येते तेव्हा काय घडते? गीत कापले जाते, हे पहिले. विनंती, दागिन्यांची ओळख आणि नकार एवढा भाग राहतो; लग्नाचा मांडव, तेथील खेळ यांचे तपशील बहुधा जातात किंवा एखाद्या ओळीपुरते उरतात. दुसरे म्हणजे गीताचा संवाद नृत्यातल्या दोन पक्षांत न राहता मंच आणि श्रोते यांच्यात पसरतो. देऊ करण्याचे आणि नाकारण्याचे शब्द श्रोत्यांना आधीच ठाऊक असतात, कारण १९७३ सालच्या 'बॉबी' या हिंदी चित्रपटातील एका गाण्याने या देखणीची चाल आणि तिच्यातला घेण्या-न घेण्याचा संवाद उचलला. अनेक श्रोते मूळ देखणी ऐकताच 'हे तर सिनेमातले' म्हणून ओळखतात. येथे अनुकरणाचा क्रम उलटा होतो. मूळ गीत हे चित्रपटगीताचे रूपांतर म्हणून स्वीकारले जाते आणि त्या ओळखीमुळेच त्याला टाळ्या मिळतात. या टाळ्यांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. लोकगीत श्रोत्याला आधीपासून ठाऊक असते, हे त्याचे लक्षण आपणच सांगत आलो आहोत. फक्त ती पूर्वओळख येथे मांडवातून न येता पडद्यावरून आली आहे.

तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी लक्षात येणारा आहे. गीतातील स्त्री काठावर उभी आहे आणि पाणी तिच्यासमोर आहे. तिची सारी विनंती या अंतरातून जन्मते. नौकेवर ती आणि श्रोते दोघेही आधीच पाण्यावर आहेत. नावाडीही आहे, पण तो चालकाच्या खोलीत आहे आणि त्याला कोणी काही विचारीत नाही. भाडे धक्क्यावरच दिलेले आहे. दागिना देऊ करण्याचा अभिनय त्यामुळे निव्वळ अभिनय उरतो आणि 'पलतडी' हा शब्द मांडवीच्या मधोमध उच्चारला जाऊनही कोणत्याही काठाकडे बोट दाखवीत नाही. गंमत अशी की त्याच क्षणी दोन-चारशे हातांवर बेतीची फेरीबोट खरोखरच पलतडी जात असते. तिच्यातल्या माणसांना या गीताचे शब्द तंतोतंत लागू पडतात आणि त्यांना ते ऐकू येत असले तरी ते श्रोते म्हणून गणले जात नाहीत. १९७० साली मांडवीवर पूल झाला, ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला, १९९२ साली नवा पूल खुला झाला. मधल्या सहा वर्षांत पणजीकरांना नावाड्याची विनंती पुन्हा रोज करावी लागली होती. त्या वर्षांत ही देखणी गाणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना पलतडीचे अंतर वेगळे सांगावे लागले नसेल.

याचा अर्थ नौकेवरचा प्रयोग म्हणजे गोमंतकीय परंपरेला सर्वस्वी परका, असा मात्र नाही. गणेशोत्सवात कुंभारजुवे येथे सांगोड निघतात. होड्या जोडून केलेल्या तराफ्यांवर पौराणिक प्रसंगांचे देखावे सजवून ते पाण्यातून फिरविले जातात आणि गाव काठावर उभे राहून ते पाहतो. सांखळीजवळ विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या पात्रात सजविलेल्या छोट्या नौका सोडल्या जातात. पाण्यावरचा खेळ, दिव्यांची रोषणाई आणि रात्र ही सामग्री येथे जुनीच आहे. फरक स्थानाचा आहे. सांगोडात खेळ पाण्यावर आणि प्रेक्षक काठावर असतो. खेळ पुढे सरकतो, प्रेक्षक आपल्या गावात स्थिर राहतो. पर्यटक-नौकेवर प्रेक्षक खेळासह पाण्यावर चढला आहे आणि गाव काठावरून सरकणाऱ्या दिव्यांपुरते उरले आहे. सांगोडात पाहणारा आणि खेळणारा एकमेकांना वर्षभर ओळखतात. नौकेवर ती ओळख तासाभराची असते.

सिद्धान्ताच्या पातळीवर या बदलाला नाव देण्याचे प्रयत्न जुने आहेत. रिचर्ड डॉर्सन यांनी १९५० साली बनावट लोकसाहित्यासाठी 'फेकलोअर' ही हेटाळणीची संज्ञा वापरली. हान्स मोझर यांनी १९६० च्या दशकात 'फोक्लोरिस्मुस' या संज्ञेखाली मूळ संदर्भातून उचलून दुसऱ्यांसाठी मांडलेल्या लोकसंस्कृतीचा विचार केला आणि तिला खोटे न ठरविता अभ्यासाचा विषय केले. डॅन बेन-अमोस यांनी १९७१ च्या आपल्या निबंधात लोकसाहित्याची ओळख परंपरेवरून वा अनामिकतेवरून न करता लहान समूहातील कलात्म संवादव्यवहारावरून केली. ॲलन डंडीस यांनी त्याआधी, १९६४ साली, पोत, संहिता आणि संदर्भ अशा तीन पातळ्या सुचविल्या होत्या. आपल्याकडे दुर्गा भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा'पासून प्रभाकर मांडे यांच्या लेखनापर्यंत लोकसाहित्याच्या जीवनसंदर्भावर भर आहेच. या चौकटी वर्गात सांगितल्या जातात. नौकेवरचे ध्वनिमुद्रण समोर आले की मात्र आपण पुन्हा 'अस्सल की नक्कल' या डॉर्सनपूर्व प्रश्नावर येतो. देखणीच्या बाबतीत तर हा प्रश्नच फसवा आहे. जिचा कर्ता ठाऊक, मुद्रणवर्ष ठाऊक, आणि जिचा विषय कर्त्याच्या समाजाबाहेरचा, त्या रचनेचे 'अस्सल' रूप कोणते म्हणावयाचे? ती लोकगीत झाली ती लग्नांत, तियात्रांच्या वातावरणात, शाळांच्या संमेलनांत, चित्रपटात आणि नौकांवर पुन्हा पुन्हा गायिली गेल्यामुळे. नौका हा तिच्या लोकगीत होण्याच्या प्रक्रियेतला एक टप्पा आहे. त्या प्रक्रियेतून बाहेर पडण्याची जागा नव्हे.

प्रस्तुत लेखकाची खरी हरकत वेगळी आहे. प्रयोग बदलला याची ती नाही. जी स्त्री गीतात बोलते तिच्याविषयी प्रयोग काहीच कळू देत नाही, आणि अभ्यासकही ती पोकळी भरून काढीत नाही, याची आहे. पर्यटकाकडून अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरेल. तो सुटीवर आहे. पदव्युत्तर प्रबंधिकेकडून ती केलीच पाहिजे.

कलावंतांचा विचार याहून सरळ आहे. नौकेवर नाचणारी तरुण मुले-मुली एकाच संध्याकाळी दोन-दोन, तीन-तीन फेऱ्यांत नाचतात. फुगडीची नऊवारी उतरवून काही मिनिटांत कोरिदिन्यूचा घागरा चढवावा लागतो आणि पुन्हा देखणीसाठी अंबाडा बांधावा लागतो. एकच मुलगी हिंदू गृहिणी, पोर्तुगीज ग्रामकन्या आणि कलावंतीण अशा तीन भूमिका तासाभरात करते. तिला या तिन्ही प्रकारांचे पदन्यास शिकावे लागतात, आणि ते ती ज्यांच्याकडून शिकते त्या मंडळांचे वर्षभराचे उत्पन्न काही अंशी या फेऱ्यांवर चालते. गावच्या मांडावर ज्या जातीची स्त्री कधी नाचली नसती ती येथे नाचते. ख्रिस्ती मुलगी फुगडी घालते, हिंदू मुलगी कोरिदिन्यू नाचते. देखणीच्या रचनाकाराने कल्पनेत जी पलतड गाठली ती या मुली कपडे बदलण्याच्या खोलीत रोज ओलांडतात. याची नोंद कोणत्याही प्रकल्पात आजवर प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आली नाही, कारण विद्यार्थी मंचासमोर बसून मुद्रण करतो, मंचामागे जात नाही.

वाद्याविषयीही हेच. घुमट हे मातीच्या दोन तोंडांच्या भांड्याचे वाद्य. त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत असत. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचे कातडे वापरात आले आणि २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले. कातडे बदलले तसा नादही बदलला, असे जुने वादक सांगतात. नौकेवर घुमट पुष्कळदा फक्त दाखविण्यापुरते असते. ताल यंत्रातून येतो. विद्यार्थ्याच्या नोंदीत 'साथ : घुमट' एवढेच लिहिलेले असेल तर ती नोंद चुकीची ठरण्याची शक्यता अधिक.

तेव्हा नौकेवरील ध्वनिमुद्रण प्रकल्पात येऊ द्यावे, परंतु त्याची प्रयोगनोंद मंचीय नाट्यप्रयोगाइतक्याच काटेकोरपणे करावी. कोणत्या फेरीत, कोणत्या क्रमांकावर गीत आले. आधी आणि नंतर कोणते चित्रपटगीत होते. निवेदकाने कोणत्या भाषेत काय ओळख करून दिली. कोणती कडवी गाळली. ताल जिवंत की ध्वनिमुद्रित. श्रोत्यांनी कोठे साथ दिली. जेवण केव्हा वाढले गेले. कलावंतांची परवानगी घेऊन त्यांच्याशी बोलावे. गाणे कोणाकडून आणि कोठे शिकलात हा प्रश्न त्यांना विचारावा आणि शक्य असल्यास त्यांच्या तालमीस बसावे. कलावंतांची नावे त्यांच्या संमतीशिवाय प्रबंधिकेत छापू नयेत. नंतर हेच गीत गावातल्या लग्नात, पणजीच्या मांडो महोत्सवात आणि जुन्या मुद्रित संग्रहात कसे आहे ते पाहून पाठभेद मांडावेत. आणि देखणी असेल तर शेजारी 'संगीत दामिनी' आणि 'मी कोण?' ही दोन पुस्तके वाचून मगच नायिकेविषयी वाक्य लिहावे. पणजीला जाऊन परत येताना बेतीच्या फेरीबोटीतून एकदा पलीकडे जाऊन यावयास हरकत नाही. तेथून नौकेवरचे गाणे कसे ऐकू येते तेही नोंदवून ठेवावे.